काड्यांची एमिली

कार्टून म्हणजे पोराटोरांचं, असं आपण सहज म्हणून टाकतो. डॉन हर्ट्झफेल्टची 2015 सालची ‘वर्ल्ड ऑफ टुमॉरो’ बघा. जेमतेम 17 मिनिटं. छोटी एमिली म्हणजे नुसत्या काड्यांचं चित्र. तिला 227 वर्षांनंतरची तिचीच क्लोन भेटायला येते. एमिलीचा आवाज दिग्दर्शकाच्या नात्यातल्या चार वर्षांच्या मुलीचा. खेळताना ती जे बोलली ते रेकॉर्ड केलं आणि गोष्टीत बसवलं. ॲनिमेशनमध्ये आपोआप काहीच येत नाही, रेघ न् रेघ कुणीतरी काढावी लागते. इथं तो आवाज तेवढा कुणी आखलेला नाही. क्लोन मरणाबद्दल सांगते, पोर आपल्याच नादात असते. आपण हसतो आणि हसता हसताच गलबलतो. याला पोरकट कसं म्हणायचं?