पडीक शेतांचा पुरावा : ‘एज ऑफ एम्पायर्स २’च्या आवृत्त्यांची चिकित्सा

२००१च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीतल्या एका नेट कॅफेत मी आणि माझा धाकटा भाऊ दुपारचे दोन तास एकमेकांशी लढत असू. खेळ होता ‘एज ऑफ एम्पायर्स २ : द एज ऑफ किंग्ज’. सुट्टीतल्या शेवटच्या सामन्यात मी हरलो. का हरलो, यावर आमच्यात गेली वीसेक वर्षे मतभेद आहेत. माझे म्हणणे, तह झालेला असताना त्याने घोडदळ घातले. त्याचे म्हणणे, “दादा, तह वगैरे काही नव्हता. तू आधीच संपला होतास.”

कॅफेच्या मालकाने त्या सुट्टीतल्या सामन्यांच्या नोंदी एका सीडीवर भरून दिल्या होत्या. गेल्या वर्षी घर आवरताना ती सीडी सापडली. वादाचा निकाल लावावा म्हणून मी ती फाइल खेळाच्या आजच्या आवृत्तीत उघडायला गेलो, ती उघडेना. ती का उघडत नाही, हे शोधताना जे हाती लागले, त्यातून हा लेख झाला.

१. आज्ञांची वही

मूळ खेळ डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने केला आणि मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर १९९९मध्ये बाजारात आणला. ब्रिटन, फ्रँक, मंगोल, बायझंटाईन, चिनी, जपानी अशा तेरा संस्कृती त्यात होत्या. त्यांतली एक निवडायची, गावकऱ्यांकडून अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करवायचे, गाव वाढवायचे, फौज उभारायची. बुद्धिबळात दोघे आळीपाळीने खेळतात. इथे पाळी नसते. तुम्ही विचार करत बसलात तर तेवढ्यात समोरचा कोट बांधून मोकळा होतो.

या मालिकेच्या दूरस्थ खेळाची रचना कशी होती, ते पॉल बेटनर आणि मार्क टेरानो या दोघा निर्मात्यांनी २००१मध्ये एका निबंधात सांगितले आहे. पहिला ‘एज ऑफ एम्पायर्स’ रचताना त्यांच्यासमोर सोळा मेगाबाइट स्मृतीचा साधा संगणक आणि २८.८ गतीचा मोडेम होता. हजारो सैनिकांची क्षणाक्षणाची स्थिती त्या तारेतून पाठवणे अशक्य होते. म्हणून त्यांनी सैनिकांऐवजी फक्त आज्ञा पाठवल्या. ‘या पाच धनुर्धरांनी तिथे जावे’ एवढेच दुसऱ्या संगणकाकडे जाई. पुढचे सगळे प्रत्येक संगणक आपल्यापुरते, पण हुबेहूब सारखे घडवून आणी. दैवाचे फासेसुद्धा दोघांकडे एकाच क्रमाने पडत. कुठे एक हरीण पाऊलभर वेगळ्या जागी उभे राहिले, तर त्या फरकातून पुढे दोन वेगळी जगे तयार होत. फरक लक्षात येताच खेळ थांबवला जाई.

सामन्याची नोंद याच तत्त्वावर ठेवलेली असते. फाइलमध्ये ना चित्रे असतात ना सैनिक. कोणत्या क्षणी कोणी कोणती आज्ञा दिली, याची ती वही असते. ती वाचायला तोच खेळ लागतो, त्याच नियमांचा आणि त्याच आवृत्तीचा. एखाद्या भालाईताची ताकद किंचित बदलली तरी जुनी वही नव्या जगात भलतेच काही घडवील. म्हणजे आमचा सामना सीडीवर होताही आणि नव्हताही. नाटकाची संहिता हातात आहे, पण ज्यांना ती करता येते ती नटमंडळीच उरलेली नाहीत, तशी ही अवस्था.

२. कोणती आवृत्ती?

‘क्लासिक खेळ आजच्या संगणकावर पुन्हा आला’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा ‘कोणता खेळ?’ हा प्रश्न राहून जातो. २०००मध्ये ‘द कॉन्करर्स’ ही पुरवणी आली आणि संस्कृती अठरा झाल्या. २००९मध्ये एन्सेम्बल बंद झाली. २०१३मध्ये एचडी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी चाहत्यांनी हौसेने रचलेली भर ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत झाली. त्या चाहत्यांच्याच गटाने पुढे व्यावसायिक रूप घेतले आणि नोव्हेंबर २०१९च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ची मुख्य जबाबदारी पेलली. त्यानंतरही खेळात दुरुस्त्या आणि भरी चालूच आहेत.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६मध्ये पूर्ण झाले. १९२५पासून संपादनाची धुरा वाहणाऱ्या वि. स. सुखटणकरांची भूमिका स्पष्ट होती. सर्वांत सुंदर पाठ देणे हे संपादकाचे काम नाही. हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितका जुना पाठ सिद्ध करायचा आणि गाळलेले सारे पाठभेद तळटीपांत व परिशिष्टांत ठेवायचे, हे त्याचे काम. वाचकाला संपादकाशी भांडता आले पाहिजे.

‘डेफिनिटिव्ह’ म्हणजे निर्णायक. पण ही आवृत्ती सुखटणकरांच्या अर्थाने चिकित्सक नाही. तिला तळटीपा नाहीत. नवा पाठ जुन्याच्या जागी बसतो आणि पुढची दुरुस्ती आली की तोही पुसला जातो. ती पोथी उतरवून घेणाऱ्या भाविक लेखनिकाच्या जातीची आहे. असा लेखनिक प्रेमाने अक्षर सुधारतो, अडलेली जागा सोपी करतो, आपल्या गावची एखादी कथा आत घालतो. पोथ्या जगल्या त्या अशाच लोकांमुळे, हे विसरून चालणार नाही. हौशी मंडळी नसती तर हा खेळ २००९नंतर कधीच विस्मृतीत गेला असता. पण म्हणूनच लेखनिकाने काय बदलले, ते वाचकाने तपासायला हवे.

३. शेत कोणी पेरायचे?

चित्रे, आवाज, पडद्याची रुंदी यांतले बदल डोळ्यांना दिसतात आणि त्यांबद्दल माझी तक्रार नाही. जास्तीत जास्त लोकसंख्येची मर्यादा २०० होती, ती आता ५००पर्यंत नेता येते. तेही ठीक. माझ्या मते सर्वांत मोठा बदल कोणाच्या नजरेत न भरणारा आहे, आणि तो शेतात झाला आहे.

१९९९च्या खेळात शेत साठ लाकडांना पडे. त्यातून सुरुवातीला १७५ अन्न निघे आणि मग ते संपे. शेत तपकिरी, पडीक होई आणि शेतकरी बांधावर नुसता उभा राही. तुम्ही परत येऊन, लाकूड मोजून, ते शेत पुन्हा पेरायचे. वीस शेतांकडे असे लक्ष ठेवणे आणि त्याच वेळी सीमेवर लढणे, यातच खेळाचा खरा ताण होता. २०००च्या पुरवणीत गिरणीवर आगाऊ पेरणीची रांग लावायची सोय झाली. २०१९मध्ये एक बटण दाबले की लाकूड असेपर्यंत शेते आपोआप पेरली जाऊ लागली. पुढे टेहळणीचा स्वारही स्वतःच नकाशा धुंडाळू लागला.

ही सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. नवा खेळाडू यावा, हाताच्या चपळाईपेक्षा डावपेचांना महत्त्व यावे, हा हेतू मला पटतो. पण त्याने खेळाचा अर्थ बदलला. जुन्या खेळात अन्न, लाकूड, सोने, दगड यांखेरीज पाचवे धन होते. ते म्हणजे राजाचे लक्ष. ते मोजदादीत दिसत नसे, पण साम्राज्य कोसळे ते बहुधा ते संपल्यामुळे. सीमेवर रमलेल्या राजाच्या मागे शेते ओस पडतात, ही गोष्ट तो खेळ कुठल्याही निवेदनाशिवाय, केवळ आपल्या नियमांतून सांगत होता. नव्या आवृत्तीत ती गोष्ट ऐकू येत नाही.

४. चार भारत आणि एकच शिडी

मूळ तेरा किंवा नंतरच्या अठरा संस्कृतींत भारत नव्हता. हत्ती होते, पण ते इराण्यांकडे. आम्हाला त्याचे तेव्हा काही वाटले नाही, याचे आज आश्चर्य वाटते. २०१३मध्ये ‘इंडियन्स’ नावाची एकच संस्कृती आली, हत्तीवरचा धनुर्धर घेऊन. एप्रिल २०२२च्या ‘डायनास्टीज ऑफ इंडिया’ने ती मोडली आणि तिच्या जागी हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा चार संस्कृती उभ्या केल्या. बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल घराण्यातला देवपाल यांच्या मोहिमा आल्या. चक्र फेकणारे गुर्जर आणि उरुमी फिरवणारे द्रविड पडद्यावर दिसू लागले.

देवगिरीचे यादव किंवा मान्यखेटचे राष्ट्रकूट यांना इथेही स्वतंत्र जागा नाही. मराठी समीक्षकाने इथे रुसावे अशी अपेक्षा असते. पण माझा आक्षेप वेगळा आहे. उद्या यादव आले तरी ते त्याच शिडीवर चढतील. अंधारयुग, सरंजामी युग, गढ्यांचे युग आणि साम्राज्ययुग या तिच्या चार पायऱ्या. पहिली चढण ५०० अन्नाची, दुसरी ८०० अन्न आणि २०० सोन्याची, तिसरी १००० अन्न आणि ८०० सोन्याची. ॲझ्टेक असोत, मंगोल असोत वा चोळ, दर बहुतेक सर्वांना एकच. संस्कृतींची रचनाही एकाच वृक्षाची आहे. पाया सर्वांना समान, थोडी खास भर, आणि उरलेले वेगळेपण वजाबाकीने साधलेले. कुणाला घोडेस्वार सरदार नाहीत, कुणाला दारूगोळा नाही.

भारतात सरंजामशाही होती का, आणि असली तर कोणत्या अर्थाने, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६च्या ग्रंथात वरून लादलेली आणि खालून उगवलेली अशी तिची दोन रूपे मांडली. रामशरण शर्मांनी १९६५मध्ये भूमिदानांच्या आधारे तिचा विस्तृत पट उभा केला. हरबंस मुखियांनी १९८१मध्ये ती इथे होती का, असा मुळालाच हात घातला. खेळाने हा प्रश्न ५०० अन्नात सोडवला आहे. नव्या आवृत्तीने भिंतींवरचे नक्षीकाम अभ्यासपूर्वक बदलले, पण जिन्याला हात लावला नाही. तो बदलला असता तर खेळच उरला नसता, हे मला मान्य आहे. मात्र ज्या संपादकाला शेतातला नियम बदलण्याचा संकोच वाटला नाही, त्याला पायऱ्यांची निदान नावे तरी संस्कृतीगणिक बदलता आली असती.

उलट, जुन्या खेळाला आपण एकाच नजरेतून बोलतो याची अंधुक जाणीव होती, असे मला आता वाटते. सलाउद्दीनची मोहीम त्याने एका कैदी युरोपीय सरदाराच्या तोंडून सांगितली. बार्बारोसाची कहाणी सांगणारा शेवटी त्याचाच प्रतिस्पर्धी हेन्री द लायन निघतो. सांगणारा कोण, हा प्रश्न त्या मोहिमा खेळाडूपुढे ठेवतात.

५. निकाल

जुना खेळ आज चालवणे सोपे नाही. २५६ रंगांचा तो हिशेब नंतरच्या विंडोजवर बिघडतो, गवत लाल आणि पाणी जांभळे दिसू लागते. त्या काळच्या अनेक सीडींवर जे कुलूप होते, त्याची किल्ली असलेला ड्रायव्हर विंडोज १०मध्ये चालतच नाही. अशा बाबतीत कुलूप तोडलेली चोरटी प्रत चालते आणि पैसे मोजून घेतलेली मुकी राहते. जतनाचा प्रश्न आपण बाजारावर सोपवला, त्याचा हा परिणाम.

अखेर मी संगणकातच विंडोज एक्सपीचा एक आभासी संगणक उभा केला, त्यात १९९९चाच खेळ बसवला आणि भावाला व्हिडिओ कॉलवर घेऊन ती फाइल लावली. ती चालली. आम्ही दोघे चाळीशीतले गृहस्थ, दोन मुलांनी चोवीस वर्षांपूर्वी दिलेल्या आज्ञा पाळल्या जाताना पाहत होतो.

तह कुठेच नव्हता. माझी आठवण खोटी ठरली. पण त्याचे घोडदळ माझ्या गावात शिरले, तेव्हा तिथे लढण्यासारखे फारसे काही उरलेही नव्हते. मी उत्तरेला एका डोंगराआड सोन्याच्या खाणीसाठी झुंजत होतो. आणि गावात सात शेते तपकिरी पडली होती. सात गावकरी बांधावर उभे होते, कितीतरी वेळ, काहीच न करता.

“बघ,” भाऊ म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?”

नव्या आवृत्तीत ही सात शेते आपोआप पेरली गेली असती. मी कदाचित जिंकलोही असतो. पण मग मी का हरलो, हे मला कधीच कळले नसते. नव्या आवृत्त्या जरूर याव्यात, त्यांनी नवे खेळाडू आणावेत. फक्त त्यांनी जुना पाठ पुसू नये. तो कुठेतरी चालता ठेवावा, कारण तो चालला तरच वाचता येतो.