डन, जॉन : मृत्युचिंतनपर साहित्य

इंग्रज कवी व धर्मोपदेशक जॉन डन (१५७२–१६३१) ह्याच्या धार्मिक काव्यात आणि गद्यात मृत्यूचे भय व ख्रिस्ती श्रद्धा ह्यांचे नाते हा एक प्रमुख विषय आहे. ह्या श्रद्धेने त्याचे भय कायमचे नाहीसे केले, असे त्याच्या साहित्यावरून म्हणता येत नाही. ते भय ईश्वरापुढे उघडपणे मांडण्याचे धैर्य मात्र तिने त्याला दिले.

मृत्यूचा परिचय डनला लवकरच घडला. कॅथलिक धर्मगुरूला आश्रय दिल्यामुळे कारावासात पडलेला त्याचा भाऊ हेन्री १५९३ मध्ये तेथेच मरण पावला. डनने पुढे अँग्लिकन पंथ स्वीकारून १६१५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. १६१७ मध्ये त्याची पत्नी ॲन प्रसूतीनंतर निवर्तली. १६२१ पासून अखेरपर्यंत तो लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन होता.

त्याच्या मृत्यूनंतर १६३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यसंग्रहातील एका प्रख्यात सुनीतात मृत्यूला उद्देशून त्याच्या गर्वाचा उपहास केला आहे. मृत्यू हा दैवाचा, योगायोगाचा आणि राजांचा दास आहे. निद्रा सुखद असेल, तर तिच्यासारखाच असणारा मृत्यू अधिकच सुखद असला पाहिजे, असा युक्तिवाद त्यात येतो. तर्क म्हणून तो दुबळा आहे. निद्रेतून आपण जागे होतो, हा अनुभव मृत्यूला लागू पडत नाही, आणि नेमके तेच तर भयाचे मूळ आहे. सुनीताला खरा आधार मिळतो तो अखेरच्या दोन ओळींतील पुनरुत्थानाच्या श्रद्धेचा. तेथे मृत्यूच मरण पावणार असल्याचे कवी सांगतो. ही कल्पना सेंट पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील विचाराशी जुळणारी आहे. तथापि कवीचा आवेश पाहता, तो मृत्यूइतकीच स्वतःचीही समजूत घालीत आहे, असे वाटते.

१६२३ च्या अखेरीस डन तीव्र तापाने मरणोन्मुख झाला. ह्या आजारातून डिव्होशन्स अपॉन इमर्जंट ऑकेजन्स (१६२४) हा गद्यग्रंथ निर्माण झाला. त्याचे २३ विभाग असून ते रोगाच्या क्रमाक्रमाने वाढत व उतरत जाणाऱ्या अवस्थांना अनुसरून रचिले आहेत. प्रत्येक विभागात चिंतन, ईश्वराशी वाद आणि प्रार्थना अशी त्रिविध मांडणी आढळते. ह्या रचनेतच ग्रंथाचे मर्म आहे : प्रार्थनेपूर्वी गाऱ्हाण्याला रीतसर स्थान दिलेले आहे. वैद्याच्या चेहऱ्यावरील भीती पाहून रुग्णाला वाटलेली भीती सहाव्या विभागात वर्णिली असून तिच्यातूनच ईश्वराच्या भयाचा विचार उद्भवतो. सतराव्या विभागात शेजारच्या चर्चमधील मृत्युघंटा ऐकून, कोणाही माणसाचे मरण हे आपलेच काही अंशी उणे होणे आहे, ह्या जाणिवेपर्यंत डन पोहोचतो. एकट्याने सोसण्याचे भय येथे सर्वांचे होते. विशेष म्हणजे ग्रंथाचा शेवट विजयोत्सवाने होत नाही. रोग उलटण्याची भीती हाच अखेरच्या विभागाचा विषय आहे.

ह्याच आजारात रचिल्याचे त्याचा चरित्रकार आयझॅक वॉल्टन ह्याने नमूद केलेल्या स्तोत्रात डन भयालाच आपले एक पाप म्हणून कबूल करतो. त्या भयातून सुटण्यासाठी तो स्वतःच्या निश्चयावर विसंबत नाही. ख्रिस्ताच्या कृपेचे आश्वासन मागतो.

फेब्रुवारी १६३१ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याने राजदरबारात दिलेले अखेरचे प्रवचन डेथ्स ड्युएल (१६३२) ह्या नावाने प्रसिद्ध झाले. गर्भापासून थडग्यापर्यंतचे जीवन ही मृत्यूंचीच मालिका आहे, असे सांगताना शरीराच्या कुजण्याचे वर्णन तो टाळीत नाही. आधुनिक वाचकाला ते अतिरेकी वाटण्याचा संभव आहे. परंतु मृत्यूचे रूप सौम्य करून दाखविलेले सांत्वन डनला मान्य नव्हते. श्रोत्यांना तो शेवटी ख्रिस्ताच्या क्रुसापाशी आणून सोडतो. पुनरुत्थानाची आशा तेथे आहे. तिची वाट पाहण्याचे कष्ट मात्र त्याने कोठेही लपविलेले नाहीत. त्याच्या ह्या साहित्याची विश्वसनीयता ह्या प्रांजळपणात आहे.