चित्रातला निर्मनुष्य डोंगर

शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले, की आमची मंगरूळपीरची मुले दोन टोकदार डोंगर काढतात आणि मध्ये उगवता सूर्य. वऱ्हाडातले डोंगर बहुधा सपाट माथ्याचे. मुलांनी तो टोकदार डोंगर पाहिलेला असतो कॅलेंडरावर. आणि तिथे माणूस नसतो.

या डोंगराचे कुळ मोठे आहे. जर्मनीच्या फ्रीडरिखने १८१८ च्या सुमारास धुक्याच्या सागराकडे पाहणारा, आपल्याकडे पाठ केलेला एक प्रवासी रंगवला. तो डोंगरचा रहिवासी नव्हे, पाहुणा. अमेरिकेचा टॉमस मोरान १८७१ साली सर्वेक्षण-तुकडीबरोबर यलोस्टोनला गेला. त्याच्या जलरंगचित्रांनी आणि सोबतच्या जॅक्सनच्या छायाचित्रांनी लोकप्रतिनिधींचे मन वळवायला मदत केली. १ मार्च १८७२ रोजी ते रान राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे मोरानचे बारा फूट रुंदीचे चित्र सरकारने दहा हजार डॉलरांना घेतले. सोनेरी कडे, खाली कोसळणारा धबधबा. पाहताना भान हरपते. कुंचल्याने रान वाचवले, हे ऋण मानलेच पाहिजे. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून राहणाऱ्या शोशोनींना पुढच्या काही वर्षांत ते सोडावे लागले. ज्याला आपण माणसाचा हात न लागलेले रान म्हणतो, ते कुणाचे तरी अंगण होते.

हे दूरचे वाटेल, तर आपला मेळघाट पाहा. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत तो होता. वाघ राहिला पाहिजे, यात शंका नाही. परंतु गाभ्यातली काही कोरकू गावे नंतर उठवून बाहेर वसवावी लागली. आणि ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थच ‘माणसे’ असा आहे!

म्हणून मला कोल्हापूरचे आबालाल रहिमान अधिक जवळचे वाटतात. निर्मनुष्य शिखरे शोधत ते फिरले नाहीत. गावालगतचे कोटितीर्थच त्यांनी पुनःपुन्हा रंगवले. रोजच्या पाण्यावरचा उजेडही चित्राला पुरतो, हे त्यांनी दाखवले.

वाचकहो, आता नवी कॅलेंडरे घरोघर लागतील. त्यांवरचे हिमशिखर मुलांना खुशाल दाखवा. फक्त एवढे विचारा : ‘बाळ, इथे कोण राहत असेल?’