हौशी चित्रफीत आणि सम्यक् वाचा

शांततेच्या प्रसारासाठी हौशी मंडळींनी चित्रफिती तयार कराव्यात, ही सूचना अलीकडे वारंवार ऐकू येते. परंतु शांतता कशास म्हणावयाचे, हे निश्चित केल्याखेरीज अशा चित्रफितींचे मूल्यमापन करता येत नाही. अन्यायाची वाच्यता न होणे, यालाही गावात शांतताच म्हणतात. आपली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहिली तोवर गाव शांत होते; मात्र त्या शांततेत मैत्री नव्हती.

या दृष्टीने गोव्यातून काम उभारलेल्या 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' या संस्थेचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. 2003 साली सुरू झालेल्या या संस्थेने वंचित समूहांतील स्त्रीपुरुषांच्या हाती कॅमेरा दिला, त्यांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि त्यांच्याच गावांचे चित्रण त्यांच्याकडून करवून घेतले. संस्थेच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या स्टॅलिन के. यांनी 2007 साली 'इंडिया अनटच्ड' हा माहितीपट करून अनेक राज्यांतील आणि निरनिराळ्या धर्मांतील अस्पृश्यता दाखविली होती. पुढे 2012 साली संस्थेने 'आर्टिकल 17' ही मोहीम हाती घेतली. संविधान सभेने 29 नोव्हेंबर 1948 रोजी संमत केलेले अस्पृश्यतानिवारणाचे कलम प्रत्यक्षात किती पाळले जाते, हे या हौशी चित्रणकारांनी लहान लहान फितींतून दाखविले. केस कापण्यास नकार देणारा न्हावी, शाळेतील वेगळी पंगत, सवर्ण वस्तीतून जाताना चपला हातात घेणाऱ्या स्त्रिया, असे त्यांचे विषय होते.

अशा चित्रणाने गावात तेढ वाढते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्तात सापडते. दुसऱ्यास अप्रिय वाटेल असे वचन तथागत बोलतात काय, असा पेच अभय राजकुमाराने घातला होता. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. या मुलाने तोंडात काडी किंवा खडा घातला तर काय करशील, असे भगवंतांनी विचारले. रक्त आले तरी तो बाहेर काढीन, असे अभय म्हणाला. कारण मुलाविषयी अनुकंपा आहे. मग भगवंतांनी वाचेच्या कसोट्या सांगितल्या. वचन भूत, म्हणजे खरे असावे. ते अत्थसंहित, म्हणजे हितकारक असावे. या दोन्ही कसोट्यांना उतरलेले वचन प्रिय असो वा अप्रिय, तथागत योग्य काळ जाणून ते उच्चारतात. गोड असणे ही कसोटी नाही, ही बाब ध्यानात घ्यावी. चित्रफीत ही वाचाच असल्याने तिलाही हेच नियम लागू होतात.

पहिल्या कसोटीस या फिती निःसंशय उतरतात. बाहेरचा पत्रकार जेथे पोहोचत नाही तेथील व्यवहार त्यांनी पुराव्यानिशी नोंदविला. दुसऱ्या व तिसऱ्या कसोट्यांबाबत मात्र काही म्हणावे लागते. काही मिनिटांच्या फितीत अपमान दिसतो. अपमान सोसणारा माणूस पुरता दिसत नाही. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) येथे आठवतो. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात झालेल्या गोळीबारात दहाजण मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपविले. त्या घटनेचा मागोवा पटवर्धनांनी चौदा वर्षे घेतला. त्यांच्या चित्रपटात आपली माणसे गातात, वाद घालतात, हसतातही. ती केवळ पुरावा म्हणून उभी नाहीत. शिवाय चित्रण संपल्यावर बोलणाऱ्यास त्याच गावात राहावयाचे असते. त्याच्या सुरक्षिततेचा विचार हाही कालज्ञानाचाच भाग होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न प्रेक्षकाचा आहे. सुत्तातील खडा मुलाच्या तोंडात आहे, आणि अनुकंपाही त्याच मुलाविषयी आहे. अस्पृश्यतेचा खडा ती पाळणाऱ्याच्या घशात अडकला आहे. तेव्हा चित्रफीत त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. 'आर्टिकल 17'च्या फितींचा मुख्य रोख शासनाकडे आणि दूरच्या प्रेक्षकाकडे होता. ते आवश्यकच होते. परंतु त्यापूर्वीच्या काळात याच संस्थेची स्थानिक चित्रण पथके गावातच पडदा लावून फिती दाखवीत आणि नंतर चर्चा घडवीत. माझ्या मते ही आधीची रीत सुत्ताला अधिक जवळची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे. हातात मोबाइल आहे. भीमजयंतीची मिरवणूक आणि वर्षावासाचा समारोप यांचे चित्रण उत्साहाने होते. ते प्रिय आहे आणि खरेही आहे. पण ते बौद्धवाडीत तयार होते आणि बौद्धवाडीतच पाहिले जाते. खोतीच्या काळातील वेठ ज्यांनी आईवडिलांकडून ऐकली, 1956 नंतर गावकीची कामे सोडताना घरच्यांनी काय सोसले हे ज्यांना आठवते, अशा वडीलधाऱ्यांना त्यांच्या संमतीने सविस्तर बोलते करावे. आणि ती फीत कुणबीवाडीत, भंडारवाडीत, मोहल्ल्यातही दाखवावी. डॉ. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक कुणबी कुळांच्याही हिताचे होते, ही आठवण त्या पडद्यासमोर सर्वांना एकत्र बसविण्यास पुरेशी आहे. तेथे पहिल्या दिवशी कदाचित कुरबुर होईल. ती टाळण्यासाठी फीत गोड करू नये. मात्र बोलणाऱ्याचे रक्षण होईल एवढी तयारी आधी करावी.