जुना खेळ, नवी पेटी

निन्टेंडो कंपनीने २०१६ साली ‘एनईएस क्लासिक एडिशन’ ही तळहातावर मावेल अशी पेटी बाजारात आणली. जुने ३० खेळ तीत कायमचे भरलेले. कॅसेट बदलण्याची सोय नाही. मूळ यंत्राच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडेही टीव्हीला जोडल्या जात. त्या पिढीतील पालक आज हा खेळ मुलांना हौसेने दाखवतात, म्हणून त्याची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घेऊ. मियामोतो आणि तेझुका यांच्या या रचनेत ३२ टप्पे आहेत. मूळ यंत्रात मधला टप्पा जपून ठेवता येत नसे. वीज गेली, की सारे गेले. (आणि वीज जातच असे!) शेवटच्या किल्ल्यापाशी बोटांना सुटणारा घाम त्या धाकाचा होता.

नव्या पेटीत प्रत्येक खेळातील चार क्षण राखून ठेवता येतात; उडी चुकली, की मागे परता. जुन्या पडद्यावरील आडव्या रेषादेखील निर्मात्यांनी निगुतीने उमटवल्या आहेत. रूप राखले, धाक मात्र घालवला, असे आमचे मत आहे. सोय वापरण्याची सक्ती नाही, हे खरे. परंतु स्वतःच स्वतःला घातलेला धाक कितीसा टिकणार?

खेळण्याच्या दांडीची तार मात्र आखूड आहे. ‘इतक्या जवळ बसू नकोस’ ही मातांची तक्रार तेवढी अस्सल स्वरूपात परत आली.