मुद्रा आणि मुखवटा

नांदेड-लातूरकडील वाचकांस धाराशिव जिल्ह्यांतील तेर परकें नाहीं. 'पेरिप्लस'मधील तगर तें हेंच. तेथें रोमन नाण्यांचे छाप उठविलेलीं मातीचीं पदकें सांपडलीं आहेत; गळ्यांत ओंवण्याचीं. रोमन नाण्यांविषयीं लिहितांना आपले अभ्यासक बहुधा व्यापाराचा जमाखर्च मांडतात, आणि हिंदुस्थान वर्षाला पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो ही प्लिनीची तक्रार सांगून थांबतात. आम्हांस हें अपुरें वाटतें. नाण्यावरील मस्तक ही सम्राटाची आज्ञाच होती. ज्यांनीं त्यास कधीं पाहिलें नाहीं, त्यांच्याहि मुठींत तो असे. तेरकरांनीं त्या आज्ञेचा दागिना केला. सत्ता गळाली, मुखवटा उरला.

क्षत्रप नहपान मात्र आज्ञा ओळखून होता. त्यानें चांदीवर स्वतःचें मस्तक उठविलें, भोंवतीं ग्रीक अक्षरेंहि घातलीं. क्षहरातांचें राज्य बुडविल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीस तीं नाणीं वितळवितां आलीं असतीं. त्यानें तसें न करितां त्यांवरच आपला छाप मारला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक नाणीं निघालीं. त्यांतील नऊ हजारांवर नाणीं अशीं पुनर्मुद्रित आहेत. कित्येकांवर सातवाहनांच्या चैत्यचिन्हाखालीं जुनें मस्तक अद्याप ओळखूं येतें.