लेबलाखालचे गाव

नकाशा वाचतो असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यावरची नावेच वाचत असतो. नावे पुसून टाकली तर नांदेड किंवा लातूर जिल्ह्याचा नकाशा म्हणजे काही वळणदार रेषा आणि पुष्कळसे ठिपके. तरीही नकाशांवर आपल्याकडे वाद झाले ते सीमारेषांवरून. नावांच्या मांडणीकडे मजकूर म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. डिजिटल नकाशाने तर नावाला ‘लेबल’ हा कोरडा शब्द दिला आहे. लोणच्याच्या बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी असावी तसा. गेली काही वर्षे क्यूजीआयएस आणि ओपनस्ट्रीटमॅप यांवर आपल्या दोन जिल्ह्यांची गावे लावताना माझे मत असे झाले आहे की, लेबल ही चिठ्ठी नसून संपादन आहे. नकाशामागच्या विदेत एका गावाची दहा नावे सुखाने नांदू शकतात. पडद्यावर मात्र बहुधा एकालाच जागा मिळते. ते एक कोण निवडतो, हा खरा प्रश्न.

स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी १९६२ साली नकाशावर नावे कशी मांडावीत यावर स्वतंत्र लेख लिहिला. गावाचे नाव शक्यतो ठिपक्याच्या उजवीकडे किंचित वर असावे, नदीचे नाव तिच्या वळणाबरोबर जावे, कोणते नाव कशाचे याची शंका राहू नये, अशी त्यांची शिस्त. आजची सॉफ्टवेअरे याच जातीच्या नियमांचे गणित करतात. अडचण अशी की हे सारे रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बेतलेले आहे. तिथे लांब नदीचे नाव अक्षरे सुटी करून ऐसपैस पसरता येते. आपल्या ‘मांजरा’ला तसे पसरायला गेले की शिरोरेषा तुटते. नाव वळणावर बसवले तर प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात कलते आणि वरची रेघ पायऱ्यांसारखी दिसू लागते. नाव उठून दिसावे म्हणून अक्षरांभोवती पांढरी कड देण्याची सोय आहे. तिचा रंग आणि जाडी नीट बेतली नाही तर लहान आकारात अनुस्वार आणि रुकार वाचवत नाहीत. तेव्हा देवनागरीत नदीचे नाव सलग आणि शक्यतो सरळ ठेवावे, फार तर लांब पात्रावर ते दोन-तीनदा द्यावे. यात इमहोफ यांच्या शिस्तीचा भंग होतो, पण वाचणाऱ्याची सोय होते.

लिपीहून अवघड गोष्ट पुढे आहे. डिजिटल नकाशांतली पुष्कळ गावे जनगणनेच्या आणि सरकारी याद्यांतून इंग्रजी स्पेलिंगच्या वाटेने आली आणि त्याच वाटेने यंत्राकरवी मराठीत परतली. त्या प्रवासात ‘ळ’ आणि ‘ण’ गळतात. जळकोटचे जलकोट, नळेगावचे नालेगाव, देवणीचे देवनी व्हायला वेळ लागत नाही. मराठीत ‘बु.’ आणि ‘खु.’ ही चिन्हे बुद्रुक आणि खुर्द यांची. मूळ फारसी बुजुर्ग आणि खुर्द, म्हणजे थोरले आणि धाकटे. इंग्रजीत त्यांची दोन-दोन अक्षरे झाली आणि परत येताना ‘बीके’, ‘केएच’ अशी उतरली. तीनशे वर्षांच्या महसुली भाषेचा हा शेवट पाहून हसावे की रडावे, कळत नाही.

गावाच्या नावातला दुसरा शब्द काय काम करतो, हे यादीवाल्यांना सहसा उमगत नाही. एकट्या लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे आणि अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे. जागा अपुरी म्हणून नाव आखडले आणि दोन्हीकडे नुसते ‘शिरूर’ उरले, तर आपल्या माणसासाठी त्या लेबलाचा उपयोग शून्य. लोहा तालुक्यातल्या माळेगावचे पूर्ण नाव ‘माळेगाव यात्रा’. खंडोबाची जत्राच तिथे गावाच्या नावात शिरली आहे. ‘यात्रा’ हा शब्द तपशील समजून गाळला तर ते महाराष्ट्रातल्या असंख्य माळेगावांतले एक होऊन बसते.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये यावर तोड आहे. तिथे मुख्य ‘नेम’ या रकान्याखेरीज प्रत्येक भाषेचा वेगळा रकाना असतो, मराठीचा ‘नेम:एमआर’. जुन्या नावाला वेगळा, पर्यायी नावाला वेगळा. पण भारतात मुख्य रकाना बव्हंशी इंग्रजीने भरला गेला आणि नेहमीचा नकाशा तोच रकाना दाखवतो. मराठी नाव भरलेले असूनही वाचकापर्यंत पोचत नाही. क्यूजीआयएसमध्ये लेबलासाठी एका ओळीचे सूत्र लिहिता येते: मराठी नाव असेल तर ते दाखव, नसेल तरच मुख्य नाव घे. एवढ्या एका ओळीने जिल्ह्याचा नकाशा भाषा बदलतो. सॉफ्टवेअर इंग्रजीधार्जिणे आहे ही तक्रार म्हणूनच मला अर्धीच खरी वाटते. रकाना आहे, सूत्र आहे. भरणारे हात कमी पडतात.

आता टक्करीचा नियम. दोन लेबले एकमेकांवर येऊ लागली की सॉफ्टवेअर एकाला गाळते. कोणाला गाळायचे हे प्राधान्यक्रमावरून ठरते, आणि प्राधान्य सहसा लोकसंख्येला किंवा स्थळाच्या वर्गाला: आधी शहर, मग गाव, मग वस्ती. नियम वाजवी दिसतो. पण मुखेड, कंधार, किनवट, अहमदपूर या तालुक्यांतले बंजारा तांडे घ्या. नाईकाच्या नावाने ओळखले जाणारे अनेक तांडे महसुली दृष्ट्या स्वतंत्र गाव नाहीत. त्यांची माणसे मूळ गावात मोजली जातात. म्हणजे यादीत तांडा मुळातच नाही, आणि कोणी हाताने भरलाच तर टक्करीत पहिला तोच गळतो. गाळलेली लेबले दाखवण्याची एक कळ क्यूजीआयएसमध्ये आहे. ती दाबली की ती लाल रंगात उमटतात. किनवटच्या डोंगराळ भागाचा नकाशा उघडून ती एकदा दाबून पाहावी. ज्या नकाशावर रस्ता, शाळा किंवा टँकरची फेरी ठरते, त्यावर नाव नसणे ही सौंदर्याची बाब राहत नाही. अशा नकाशात मी प्राधान्य उलटे लावतो: वस्ती आधी, शहर शेवटी. नांदेड कुठे आहे हे नांदेड जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही.

नांदेडचेच म्हणाल तर त्याला नावांची ददात नाही. रेल्वे स्थानक हुजूर साहिब नांदेड, महापालिका नांदेड-वाघाळा, आणि शीख परंपरेत हे शहर अबचलनगर. हिमायतनगरला मात्र आजही वाढोणा म्हणणारी माणसे आहेत. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. पण लातूर जिल्हा १९८२ साली त्यातूनच वेगळा निघाला असल्याने लातूरचे जुने दप्तर धुंडाळणाऱ्याला उस्मानाबाद हे नाव लागणारच. लेबल बदलावे, जुने नाव शोधात राहू द्यावे. नव्या नावाचा अभिमान असणाऱ्यांनीही जुन्या नावाचा रकाना रिकामा करू नये.

इथे एक अपवाद मला छळतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. गावोगावच्या जुन्या कागदांत महारवाडा, मांगवाडा लिहिलेले आहे. ते ‘जुने नाव’ म्हणून जपायचे का? इतिहासाच्या अभ्यासकाला ते हवे, आणि तिथे राहणाऱ्याला ते का नको हे वेगळे सांगायला नको. मी ते विदेत ठेवतो, पण लेबलाच्या सूत्रात जुन्या नावाचा रकाना कधीही घेत नाही. दप्तरात राहील, पाटीवर येणार नाही. यावर मतभेद होतील आणि तिथल्या रहिवाशांनी ते दप्तरातूनही काढा म्हटले, तर त्यांचा शब्द माझ्या अभ्यासापेक्षा वरचा.

सर्वांत अवघड लेबल किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात औसा तालुक्यातले हे गाव उद्ध्वस्त झाले. त्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे दुसऱ्या जागी नव्याने वसवली गेली. नावे तीच राहिली, ठिपके हलले. शेती मात्र जुन्याच शिवारात. घर एका अक्षांशावर आणि बाप-आजाची जमीन दुसऱ्या, अशी एका नावाची दोन ठिकाणे झाली. नकाशांनी बहुतेक वेळा ठिपका नव्या गावावर नेला आणि जुनी जागा कोरी सोडली. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वस्ती नसलेल्या, पण नाव असलेल्या जागेसाठी ‘लोकॅलिटी’ हा वर्ग आहे. पडीक गावाची खूण करण्याचीही पद्धत आहे. जुनी किल्लारी त्यात बसते. नाव काय द्यावे, एवढेच ठरायचे. पुनर्वसनाच्या कागदाप्रमाणे गाव एकच आणि ते नवे. शेताला निघालेला माणूस मात्र ‘जुन्या गावाकडं चाललो’ म्हणतो. मी लेबलात तेच दोन शब्द ठेवले आहेत, ‘जुनं गाव’, अनुस्वारासकट. आणि टक्करीत ते गळू नये म्हणून प्राधान्याचा काटा दहावर नेला आहे.